मार्चचा दुसरा पंधरवडा गेला कुठे?

"सर, माझं गणित कच्चं. वय एकोणचाळीस. आता कोडिंग जमेल का?" खुर्चीत टेकायच्या आधीच एका ताईंनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो आणि विचारणाऱ्याच्या हातात बहुधा एखाद्या डेटा सायन्स क्लासचं माहितीपत्रक असतं. यांच्याही होतं. फी लाखाच्या वर.

ताई बीकॉम. एका दूध संघात सोळा वर्षं संकलनाचा हिशेब बघतात. "अडलं कुठे?" म्हटल्यावर खरं दुखणं बाहेर आलं. पंधराशे उत्पादक, सकाळ-संध्याकाळ नोंद: लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक). एप्रिल ते मार्च अशा वर्षाच्या नोंदी १०,९५,०००. एक्सेलच्या एका शीटमध्ये मात्र १०,४८,५७६ ओळीच मावतात. फाइल उघडताना आलेली सूचना त्यांनी 'ओके' दाबून घालवली आणि मार्चचा दुसरा पंधरवडा शीटवर आलाच नाही. बेरीज चुकली. बैठकीत सगळ्यांदेखत बोलणी खावी लागली. गणिताची भीती तिथून सुरू झाली होती.

मी इंग्लंडचा किस्सा सांगितला. २०२० साली तिथल्या आरोग्य यंत्रणेच्या आकडेवारीतून जवळपास १६,००० कोरोना रुग्ण असेच गळाले होते. जुन्या प्रकारच्या एक्सेल फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. ताई पहिल्यांदाच हसल्या.

पुढे मात्र मी चुकलो. 'आधी संख्याशास्त्र पक्कं करा' म्हणत एक जाडजूड पुस्तक हातात दिलं. तीन आठवडे त्या फिरकल्या नाहीत.

मग पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्यांचीच फाइल पुढे घेतली. एसक्यूएलाइट हे माहिती साठवायचं, शोधायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं, अकरा लाख ओळी त्याला जड नाहीत. पिव्होट टेबल, म्हणजे एक्सेलमधली गटवार बेरजा-सरासऱ्या काढायची सोय, ताई डोळे झाकून वापरतात. एसक्यूएलाइटमधली 'ग्रुप बाय' ही आज्ञा म्हणजे तेच काम, फक्त माउसने ओढण्याऐवजी लिहून सांगायचं. चार ओळी टाइप करून मी महिनावार फॅटची सरासरी काढून दाखवली.

"चुकलं, सर," त्या म्हणाल्या. "पाच लिटरवाला आणि पन्नास लिटरवाला सारखेच कसे धरले? आधी लिटरने गुणा, मग एकूण लिटरने भागा."

गणित कच्चं असलेल्या बाई मला भारित सरासरी शिकवत होत्या! मी माहितीपत्रक त्यांच्या हातून काढून घेतलं.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची सुरुवात त्यांनी सरकारच्या स्वयम पोर्टलवरच्या मोफत व्याख्यानांतून केली, रोज रात्री भांडी आवरल्यावर अर्धा तास. लाल अक्षरांतल्या एररना दोन महिने घाबरल्या. एकदा दोन याद्या जुळेचनात. पांडाजने (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) ०४७ हा संस्था क्रमांक आकडा समजून ४७ करून टाकला होता. शोधला ताईंनीच, क्रमांक तोंडपाठ होते ना.

परवा फोन आला. "सर, चार वर्षांच्या फायली एकत्र केल्या. लॅपटॉप तापला, पण बंद नाही पडला. आणि ते मार्चचं दूध सापडलं हो, शेवटच्या लिटरपर्यंत."