गुलाबांचं युद्ध: गादीवर खरा हक्क कोणाचा?

प्रश्न : लँकेस्टर आणि यॉर्क एकाच रक्ताचे, मग इंग्लंडच्या गादीसाठी इतकी वर्षं का लढले? खरा हक्क कोणाचा?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : भाऊ, लँकेस्टर आणि यॉर्क या इंग्लंडच्या एकाच राजघराण्याच्या दोन शाखा, आणि त्यांच्यातल्या लढायांनाच गुलाबांचं युद्ध म्हणतात. माझ्या मते वंशावळ बघितली तर यॉर्कवाल्यांचा दावा जड होता. दोघंही राजा तिसऱ्या एडवर्डचे वंशज, पण यॉर्क लोक आजीपणजीकडून का होईना लँकेस्टरच्या मूळपुरुषापेक्षा मोठ्या मुलाच्या वंशातले. पण १३९९ ला लँकेस्टरच्या हेन्रीने तेव्हाच्या राजाला, दुसऱ्या रिचर्डला, खाली खेचून गादी घेतली आणि मग तीन पिढ्या ती त्यांच्याकडेच राहिली, त्यामुळे तेही म्हणणार की आम्हीच राजे.

खरी ठिणगी वंशावळीची नाहीच. लँकेस्टरचा तिसरा राजा सहावा हेन्री १४५३ मध्ये असा सुन्न झाला की वर्षभर माणसं ओळखेना, त्याच वर्षी कॅले सोडून फ्रान्समधला मुलूखही गेला, मग कारभार कोणी बघायचा यावरून त्याची राणी मार्गारेट एकीकडे आणि यॉर्कचा ड्यूक रिचर्ड दुसरीकडे, आणि १४५५ ला सेंट ऑल्बन्सला तलवारी निघाल्या. तेव्हा आपल्या खानदेशात फारुकी सुलतान होते, म्हणजे काळाचा अंदाज येईल.

१४६१ ची टाउटनची लढाई तर भर बर्फात झाली, फार भयानक कत्तल. वॉरिकचा अर्ल म्हणजे एक बडा सरदार, तो आधी यॉर्कच्या एडवर्डला (ड्यूक रिचर्डच्या मुलाला) गादीवर बसवतो आणि १४७० मध्ये त्यालाच पळवून लावून परत हेन्रीला आणतो, मला तर सगळ्यात जास्त हाच माणूस महत्त्वाचा वाटतो.

पुढच्याच वर्षी एडवर्डने गादी परत घेतली. १४८५ ला बॉसवर्थच्या लढाईत त्याचा भाऊ राजा तिसरा रिचर्ड पडला, जिंकलेल्या लँकेस्टरच्या बाजूच्या हेन्री ट्यूडरने यॉर्कच्या एलिझाबेथशी लग्न केलं, तरी १४८७ ला स्टोक फील्डला यॉर्कवाल्यांशी पुन्हा लढावं लागलंच.