डिप्रेशन: गोळ्या, समुपदेशन की दोन्ही?

तुम्ही विचारलंय, डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्यात, घरचे म्हणतात 'सवय लागेल, त्यापेक्षा समुपदेशन घे', तर दोन्ही एकदम चालतं का? चालतं. आजार मध्यम किंवा तीव्र असेल तर दोन्ही मिळून जास्त गुण येतो. सौम्य असेल तर नुसत्या समुपदेशनानेही भागू शकतं. तुमचा कुठला, ते मनोविकारतज्ज्ञच सांगतील.

मी गोळ्यांच्या भीतीने आधी फक्त समुपदेशन घेतलं. सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत तासभर बोलायचे आणि जिना उतरेपर्यंत काय बोलले तेही आठवायचं नाही. रात्र रात्र झोप नव्हती, विचार तपासून पाहण्याइतकं त्राणच नव्हतं. शेवटी समुपदेशक बाईंनीच मला डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी थायरॉइड, बी-१२ तपासलं, पूर्वी कधी झोपेशिवाय अतिउत्साहाचे दिवस गेलेत का ते विचारलं (बायपोलर, म्हणजे कधी डिप्रेशन तर कधी अतिउत्साह असा आजार, असेल तर नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्यांनी तो उलटा उसळू शकतो) आणि एस्सिटालोप्रॅम ही डिप्रेशनवरची गोळी सुरू केली.

पहिले दहा दिवस मळमळ, बेचैनी आणि फायदा काहीच नाही. इथेच बरेच जण सोडतात. त्रास लगेच जाणवतो, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा-आठही. मला पाचव्या आठवड्यात एका सकाळी वरणाच्या फोडणीचा वास आला आणि भूक लागली. किती महिन्यांनी!

समुपदेशन खऱ्या अर्थाने त्यानंतर कामाला आलं. बाईंनी वहीत लिहून दिलं होतं: 'सकाळी ७, बूट घालून खाली उतरणे.' बास. पुढच्या आठवड्यात कोपऱ्यापर्यंत, मग तळजाईच्या टेकडीवर. उत्साहाची वाट बघायची नाही, आधी पाय उचलायचा.

बरं वाटल्यावर मी चौथ्या महिन्यात गोळ्या परस्पर बंद केल्या. चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेसारखे झटके, आणि दोन महिन्यांत पुन्हा तीच अंधारी. या गोळ्यांचं दारूसारखं व्यसन लागत नाही, पण एकदम तोडल्या की शरीर कुरकुरतं. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू डोस उतरवतात. वैद्यांकडचं किंवा दुकानातलं आणखी काही घेत असाल तर तेही सांगा. सेंट जॉन्स वॉर्ट (डिप्रेशनवर म्हणून विकली जाणारी एक वनस्पती) या गोळ्यांबरोबर अजिबात नको.

खर्चाची अडचण असेल तर पुण्यात ससून रुग्णालयात मनोविकार ओपीडी आहे. जीव नकोसा वाटत असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका: टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. वय पंचवीसच्या आत असेल तर गोळ्यांच्या सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायला हवं, कारण तेव्हा असे विचार वाढू शकतात.

आणि घरच्यांना एकदा डॉक्टरांकडे सोबत न्याच. माझ्या सासूबाई कायम गोळ्यांच्या विरोधात. एकदा माझ्याबरोबर आल्या, त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, आणि त्या रात्री जेवणं झाल्यावर गोळी आणि पाण्याचा पेला माझ्यासमोर ठेवला.