आधी ‘ॲस्ट्रो बॉय’, मग ‘जायगँटॉर’
आपण या जुन्या कृष्णधवल जपानी ॲनिमेशन मालिकांकडे नव्यानेच वळत आहात, म्हणून सुचवतो की सुरुवात ‘ॲस्ट्रो बॉय’च्या पहिल्या भागापासून करावी, १ जानेवारी १९६३ रोजी जपानमध्ये सुरू झालेल्या ओसामू तेझुका यांच्या या मालिकेचे १९३ पैकी १०४ भागच अमेरिकेसाठी इंग्रजीत आले, त्यामुळे मूळ क्रमाशी मेळ बसला नाही तरी गोंधळून जाऊ नये. ‘जायगँटॉर’ ही महाकाय यंत्रमानवाची मालिका पाहताना मात्र लक्ष त्या यंत्रमानवापेक्षा छोट्या जिमीच्या, म्हणजे मूळ जपानी मालिकेतील शोतारोच्या, हातातील नियंत्रणपेटीवर ठेवावे, कारण त्या अजस्र लोखंडी देहाला स्वतःची बुद्धीच नाही आणि पेटी चोराच्या हाती लागली की तो चोराचा. मला तर खरी गंमत तिथेच वाटते. चित्रे जरा अडखळत हलतात. दोन-तीन भागांत त्याची सवय होते.