'इन्ताक्तो' अर्धवट सोडू नका, आधी सबटायटल्सचा वेग बघा

'इन्ताक्तो' या स्पॅनिश सिनेमाच्या डीव्हीडीवरची तुमची पोस्ट वाचून माझाच जुना त्रास कुणीतरी लिहून काढलाय असं वाटलं. स्पेनहून मागवलेली डीव्हीडी, पाकिटावर इंग्रजी सबटायटल्स छापलेली, डिस्कमध्ये मात्र नुसती स्पॅनिश. मग नेटवरून सबटायटल्सची फाइल उतरवायची, ती सरकवून जुळवायची आणि पाच मिनिटांत ती पुन्हा मागे पडायची. वर विक्रेत्याचं 'डिस्कमध्ये दोष नाही' हे उत्तर. आणि शेवटी तुमचा प्रश्न : सिनेमाच विस्कळीत आहे का, सोडून देऊ का?

सोडू नका. रीजन कोड, प्लेअर वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात शिरत नाही. तुमची अडचण वेगाची आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा असतो, युरोपातली पाल (PAL, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीची) डीव्हीडी तो २५ ने पळवते. म्हणजे साधारण चार टक्के जलद. १०८ मिनिटांच्या सिनेमात शेवटापर्यंत चार-साडेचार मिनिटांचा फरक पडतो. नेटवरची फाइल मूळ वेगाची असली की ती पाच मिनिटांतच बारा-तेरा सेकंद मागे राहणार. व्हीएलसी या प्लेअरमध्ये जी आणि एच ही बटणं दाबून ती फक्त सरकते, आखडत नाही. 'सबटायटल एडिट' हा फुकट मिळणारा प्रोग्राम घ्या, त्यात फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाच्या चौकटी, २३.९७६ वरून (नेटवरच्या फाइलींत २४ म्हणजे सहसा हाच आकडा) २५ करा आणि फाइल नव्या नावाने ठेवा. त्यानंतरही सेकंद-दोन सेकंदांचा सारखाच फरक राहिला तर तो मात्र सरकवून जातो.

हे एवढंच आहे. पण एवढंसं कळायला मला जो मनस्ताप झाला तो मी डीव्हीडी घेतली त्या दुकानाच्या ग्राहक सेवेमुळे, आणि तो राग अजून गेलेला नाही. पाकिटावर छापलेली भाषा आत नाही, यात तपासायचं ते काय? मी सबटायटलच्या मेन्यूचा फोटो पाठवला. उत्तर आलं, टीव्हीची भाषा बदलून बघा. दुसऱ्या माणसाने दुसरा प्लेअर वापरायला सांगितलं. तिसऱ्याने पुन्हा तोच फोटो मागितला. दर वेळी 'तुमची तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे', आणि त्या विभागातून कधीच कुणी बोललं नाही. परतीची मुदत संपली त्या दिवशी मात्र तत्परतेने मेल आला : मुदत संपल्याने विनंती बंद करत आहोत. पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे, की आमच्या ओळखीच्या मंडळींना दाखवायचा म्हणून ठरवलेला सिनेमा त्या अवस्थेतच दाखवावा लागला. निम्मे लोक मध्येच उठले. उरलेल्यांचं मत झालं की दिग्दर्शकाला गोष्ट सांगता येत नाही. त्यांतले काही आजही तसंच म्हणतात.

म्हणून माझं ठाम मत : परतीची विनंती आधी नोंदवा, चर्चा नंतर. फोनवर काहीही ठरवू नका, सगळं लेखी. विक्रेता भारतातला असेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. मी वकील नाही, आणि परदेशातल्या विक्रेत्यापुढे तिचा किती उपयोग होईल ते सांगता येणार नाही. डब केलेल्या आवृत्तीकडे वळू नका, हेही माझं मत. फेदेरिको हे मुख्य पात्र करणाऱ्या एउसेबिओ पोन्सेलाचा आवाज काढून टाकलात तर फेदेरिकोच उरत नाही.

आता सिनेमाबद्दल. रहस्य फोडत नाही, पण तुम्ही कुठे अडकलात ते कळण्यापुरतं सांगतो. दिग्दर्शक हुआन कार्लोस फ्रेस्नादियोचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा, २००१ चा. नवोदित दिग्दर्शकाचा गोया हा स्पेनचा सिनेमा पुरस्कार त्याला यावरच मिळाला आणि तोमासचं काम करणाऱ्या लेओनार्दो स्बाराग्लियाला नवोदित अभिनेत्याचा. इथे नशीब ही माणसाच्या अंगातली, हिसकावता येणारी वस्तू आहे. कॅसिनोत कुणी लागोपाठ जिंकायला लागलं की फेदेरिको जवळ जाऊन त्याच्या हाताला नुसता स्पर्श करतो, आणि त्या माणसाचं जिंकणं थांबतं. फेदेरिकोला कॅसिनो सोडायचा असतो तेव्हा मालक सॅम, म्हणजे माक्स फॉन सिडो, त्याला मिठी मारतो. ती निरोपाची मिठी नाही, त्या मिठीत त्याची सगळी ताकद काढून घेतली जाते. मग सात वर्षं जातात आणि विमान अपघातातून एकटा वाचलेला तोमास समोर येतो. सबटायटल्स मागे राहिली की हा सांधाच निसटतो. पुढे अंधाऱ्या खोलीत डोक्याला काकवी फासून नशिबाच्या खेळातले खेळाडू बसलेले असतात, किडा ज्याच्यावर उतरेल तो जिंकणार, आणि तुमच्या पडद्यावर तेव्हा मागच्या प्रसंगातली वाक्यं चाललेली असतात. गोंधळ होणारच.

बघताना एक लक्षात ठेवा. यातला प्रत्येक मोठा नशीबवान कशातून तरी एकटा वाचलेला आहे. सॅम ज्यूंच्या संहारातून, फेदेरिको भूकंपातून, तोमास विमानातून, पोलिसातली सारा गाडीच्या अपघातातून, ज्यात तिचा नवरा आणि मूल गेलं. आणि खेळात पणाला लागतात ते दुसऱ्यांचे फोटो, म्हणजे ज्यांना पत्ताही नाही अशांचं नशीब. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाच गोळ्या घालून खेळतात, याचा थरार आहेच, पण मला ते फोटो जास्त भिववतात.

स्पेनच्या प्रेक्षकाला हे आणखी बोचत असणार. तिथे दर २२ डिसेंबरला नाताळच्या लॉटरीची सोडत असते, १८१२ पासून चालत आलेली. माद्रिदच्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं आकडे गाऊन सांगतात. पूर्ण तिकीट महाग, म्हणून लोक दहावा हिस्सा घेतात, तोही घरात, कचेरीत, गावात वाटून घेतात. लागलं तर सगळ्यांना लागतं. फ्रेस्नादियोने याच देशात अशी गोष्ट रचली की तुझं वाढायला दुसऱ्याचं जावंच लागतं. म्हणून मी याला नुसता जुगाराचा थरारपट म्हणत नाही. कुणाला हे ताणलेलं वाटेल, वाटू दे.

फाइल बदलल्यावर ती जुळली का ते बघायला शेवटची दहा मिनिटं मात्र उघडू नका, सगळा शेवट तिथे आहे. तासाभराच्या आसपासचं कुठलंही संभाषण लावा. ओठ आणि ओळ जुळली की परत सुरुवातीला या. नाही जुळली तर फाइलची पहिली आणि शेवटची वेळ इथे लिहा, बघून सांगतो.