वाचकांचे प्रश्न : दुर्मीळ आजार आणि स्वयंसेवकाचे काम

प्रश्न : मी नुकताच नोकरीतून निवृत्त झालो आहे. परिचयातील एका कुटुंबात लहान मुलाला दुर्मीळ आजार असल्याचे निदान झाले, तेव्हापासून अशा कुटुंबांसाठी काही करावे असे मनात आहे. माझे शिक्षण वैद्यकीय नाही आणि त्या आजाराचे नावही मला धड उच्चारता येत नाही. माझा तेथे काही उपयोग होईल, की अडचणच होईल?

उत्तर : उपयोग नक्की होईल. युरोपात ज्या आजाराचे प्रमाण दर २,००० लोकांमागे एकाहून अधिक नसते, तो दुर्मीळ मानला जातो. असे ६,००० हून अधिक आजार माहीत आहेत, आणि ते सारे एकत्र धरले तर जगभरातील रुग्णांची संख्या सुमारे ३० कोटी भरते. एकेका आजाराचे रुग्ण मात्र इतके विखुरलेले असतात, की अनेक डॉक्टरांनाही उभ्या कारकिर्दीत त्याचा एकही रुग्ण भेटत नाही. परिणामी, प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे, शाळेपुढे, कार्यालयापुढे आईवडिलांनाच सगळी हकीकत पहिल्यापासून सांगावी लागते. माझ्या मते आजारपणाइतकाच हा पुनरुच्चारही माणसाला थकवतो, आणि नेमका तेथेच स्वयंसेवकाचा हातभार लागू शकतो.

कुटुंबाची तयारी असेल, तर त्यांच्या फाइलपासून सुरुवात करावी. तपासण्यांचे अहवाल तारखेनुसार लावावेत आणि आईवडिलांच्या सांगण्यावरून एका पानाचा गोषवारा तयार करावा : आजाराचे पूर्ण नाव, चालू औषधे व त्यांची मात्रा, कोणत्या औषधांचे वावडे आहे, तातडीच्या वेळी काय करावे व काय करू नये, आणि उपचार करणाऱ्या तज्ज्ञांचा फोन क्रमांक. हा मजकूर डॉक्टरांकडून तपासून घेतल्यावरच वापरावा. मध्यरात्री अनोळखी रुग्णालयात जाण्याची वेळ आली, तर घाबरलेल्या आईला सारे आठवून सांगावे लागत नाही, कागद पुढे केला की पुरते.

मुलाची शारीरिक काळजी घेण्याची वेळ आली, तर मात्र सदिच्छेवर विसंबू नये, घरच्यांकडून हात धरून शिकून घ्यावे. ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा या आजारात हाडे इतकी ठिसूळ असतात, की बाळाचा लंगोट बदलताना घोटे धरून पाय उचलले तरी हाड मोडू शकते. तेथे पार्श्वभागाखाली पंजा सरकवून बाळाला हलकेच उचलावे लागते. एपिडर्मोलायसिस बुलोसा असलेल्या मुलाच्या त्वचेला किरकोळ घर्षणानेही फोड येतात, त्यामुळे त्याला काखेत हात घालून उचलणे किंवा साधी चिकटपट्टी लावणे इजा करणारे ठरते. ही माहिती घरच्यांपाशी असते. आपण फक्त विचारायचे असते.

आजारी मुलाच्या भावंडांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्यांचा अभ्यास घेणे, त्यांना खेळायला नेणे, किंवा ठरलेल्या दिवशी दोन तास घरी थांबून आईवडिलांना निर्धास्तपणे झोपू देणे, ही मदत वरवर किरकोळ वाटली तरी अनेक घरांना तिचीच सर्वाधिक गरज असते. जेवढे नियमितपणे निभावता येईल, तेवढेच कबूल करावे. कोणाच्या तरी ऐकीव उपचारांची शिफारस मात्र कदापि करू नये. बहुसंख्य दुर्मीळ आजारांवर अद्याप मान्यताप्राप्त औषध नाही, आणि अशा वेळी दाखवलेली खोटी आशा कुटुंबाला फार महागात पडते.

वैद्यकीय शिक्षणाचा प्रश्न आपण काढलाच आहे, म्हणून एक उदाहरण देतो. अमेरिकेतील ॲबी मेयर्स या डॉक्टर नव्हत्या. त्यांच्या मुलाला टुरेट सिंड्रोम (ज्यात नकळत शरीराला झटके बसतात व तोंडून आवाज निघतात असा मज्जासंस्थेचा विकार) होता आणि त्याला गुण देणाऱ्या औषधाचा विकास, पुरेसा नफा दिसत नाही म्हणून, थांबवण्यात आला. त्यांनी इतर आजारांच्या रुग्णांच्या कुटुंबांना सोबत घेऊन पाठपुरावा केला. दुर्मीळ आजारांवरील औषधांच्या निर्मितीला प्रोत्साहन देणारा १९८३ चा कायदा झाला, त्यात या कुटुंबांच्या चिकाटीचा मोठा वाटा होता.

प्रश्न : फेब्रुवारीच्या अखेरच्या दिवशी जागतिक दुर्मीळ आजार दिन असतो. त्या निमित्ताने आमचा गट रुग्णांचा मेळावा घेऊ इच्छितो. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : आपली कल्पना स्तुत्य आहे. हा दिवस २००८ साली प्रथम पाळला गेला तो २९ फेब्रुवारीला, म्हणजे स्वतःच दुर्मीळ असलेल्या तारखेला. मात्र निमंत्रणे धाडण्यापूर्वी प्रत्येक आजाराच्या गरजा विचारून घ्या. सिस्टिक फायब्रोसिस या, फुप्फुसांत घट्ट चिकट स्राव साचणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना परस्परांकडून फुप्फुसांच्या घातक जंतूंचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून त्यांनी एकमेकांपासून किमान ६ फूट अंतर राखावे, असा वैद्यकीय सल्ला आहे. बंदिस्त सभागृहात त्यांना एकत्र बोलावण्यापेक्षा त्यांच्यासाठी दूरदृश्य बैठक ठेवणे श्रेयस्कर.

दुसरी बाब गोपनीयतेची. एखाद्या आजाराचे परिसरात एकदोनच रुग्ण असतील, तर नाव वगळून केवळ आजार, वय आणि गाव छापले तरी ते मूल कोण हे सर्वांना कळते. शिवाय यातील बरेच आजार आनुवंशिक असल्याने ती माहिती भावंडांना आणि इतर नातलगांनाही चिकटते. म्हणून छायाचित्र व मजकूर या दोहोंसाठी स्वतंत्र लेखी संमती घ्यावी, मूल समजण्याच्या वयाचे असेल तर त्यालाही विचारावे, आणि नंतर कुटुंबाचा विचार बदलल्यास कारण न विचारता ते साहित्य काढून टाकावे.