आमच्या पक्षीनिरीक्षण मंडळानं नोंदवही बंद करून सगळं ई-बर्डवर न्यावं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पंचवीस-तीस जणांचं मंडळ, कपाटात जुनी रजिस्टरं, महिन्यातून एक बैठक. नवी मुलं म्हणतात, रजिस्टर बंद करा, नोंदी ई-बर्डवर (म्हणजे पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या चढवायची वेबसाइट आणि ॲप) आणि बोलणं व्हॉट्सॲपवर. जुने सभासद म्हणतात, मग मंडळ हवंच कशाला? आणि आता दोन्हीकडचे हट्टाला पेटलेत.

माझं मत सांगतो. नोंदी न्याच, आणि लवकर न्या. बैठकीला मात्र हात लावू नका. तुमच्याकडे या दोन्हींचं एकच गाठोडं बांधून भांडण चाललंय, म्हणून ते मिटत नाही. मीही आमच्या जिल्ह्यातल्या अशाच एका मंडळात बरीच वर्षं आहे, रजिस्टर लिहिणाऱ्यांतला आहे आणि आता जुन्या नोंदी ई-बर्डवर चढवणाऱ्यांतलाही आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी रजिस्टर. काका-सर मंडळींना वाईट वाटेल, पण आपल्या बहुतेक नोंदी या चालीच्या असतात: "भिगवण. अग्निपंख भरपूर. चक्रवाक, थापट्या, शेकाट्या. एकूण जाती ४१. परतताना मिसळ." वाचायला मजा येते. पण किती वाजता गेलात, किती वेळ होता, किती चाललात, काही पत्ता नाही. "भरपूर" म्हणजे पन्नास की पाचशे? आणि खरी पंचाईत पुढेच आहे. जे दिसलं नाही ते या नोंदीतून कळत नाही. चिमणी, कावळा, साळुंकी ही मंडळी रजिस्टरात कोणी लिहीतच नाही. वीस वर्षांनी कोणी विचारलं की तुमच्या गावच्या तळ्यावर चिमण्या कधीपासून कमी झाल्या, तर रजिस्टर गप्प. चिमणी नव्हती की लिहायचा कंटाळा केला, हे सांगायचं कोणी?

ई-बर्ड यादी संपवताना एक साधा प्रश्न विचारतं: तुम्हाला ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत आलेत का? 'हो' म्हटलं की ती यादी पूर्ण धरली जाते आणि यादीत नसलेला पक्षी त्या वेळात तुम्हाला सापडला नाही असा अर्थ लावता येतो. मग शंभर याद्यांपैकी किती याद्यांत चिमणी आहे हे मोजता येतं, आणि ते प्रमाण वर्षानुवर्षं ताडून पाहता येतं. सगळी करामत एवढीच आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेनं ऑडुबॉन संस्थेबरोबर २००२ मध्ये हे सुरू केलं. आपल्याकडे ते रुजलं ते नंतर, पण रुजलं ते असं की २०२३ च्या देशव्यापी पक्षी-अहवालात तीस हजारांहून जास्त निरीक्षकांच्या तीन कोटींच्या वर नोंदी वापरल्या गेल्या. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे. दीर्घकालीन कल सांगता येईल इतकी माहिती मात्र ३३८ जातींचीच होती, आणि त्यांतल्या २०४ घटलेल्या निघाल्या. चिमणीबद्दल त्याच्याआधीच्या, २०२० च्या अहवालानं सांगितलं ते तर मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवण्यासारखं आहे: देशभरात ती साधारण टिकून आहे, घटली आहे ती मोठ्या शहरांत. इतकी वर्षं आपण मोबाइल टॉवरच्या नावानं बोटं मोडत सरसकट 'चिमणी संपली' म्हणत होतो.

आता दुसरी बाजू. ॲपवर चढवली म्हणजे नोंद खरी झाली असं मुळीच नाही, आणि इथं मी जुन्या मंडळींच्या बाजूचा आहे. आपल्या खानदेशातलंच उदाहरण घ्या, रानपिंगळ्याचं. या छोट्या घुबडाचं वर्णन ॲलन ह्यूम या पक्षीतज्ज्ञानं १८७३ मध्ये केलं. पुढे जेम्स डेव्हिडसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं खानदेशात त्याचे नमुने मिळवले, आणि १८८४ नंतर पक्षी गायब. जगभरच्या संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने. त्यातल्या एकावर मात्र १९१४ सालचं लेबल, गुजरातेतल्या मांडवीचं, मिळवणारा रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा ब्रिटिश लष्करी अधिकारी. म्हणजे सगळ्यांत अलीकडची नोंद तीच. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञांनी ते नमुने बारकाईनं तपासले तेव्हा उलगडलं की हा १९१४ चा नमुना मुळात डेव्हिडसनचाच. ब्रिटिश संग्रहालयातून लांबवलेला, उसवून पुन्हा शिवलेला आणि नवं लेबल लावलेला. ती खोटी नोंद बाजूला पडल्यावर डेव्हिडसनच्या जुन्या जागांचं महत्त्व वाढलं आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! आज आपण मेळघाटात जाऊन तो पाहून येतो.

माइनर्ट्झहागेनच्या त्या लेबलवर जागा होती, तारीख होती, नाव होतं. ॲपच्या भाषेत सांगायचं तर सगळे रकाने भरलेले होते.

तुमच्या बैठकीत कोणीतरी एक खवचट काका असतीलच, जे प्रत्येक नोंदीला "कशावरून?" विचारतात. ते मंडळाचं खरं धन आहेत. ई-बर्डवरही तपासनीस असतात, तेही आपल्यासारखेच हौशी स्वयंसेवक, पण त्यांच्यापुढे येते ती प्रामुख्यानं वेगळी ठरलेली नोंद. प्रत्येक भागासाठी आणि महिन्यासाठी चाळणी लावलेली असते. त्या भागात न दिसणारा पक्षी किंवा अचाट संख्या टाकली की ती अडते. पण हिवाळ्यात दख्खनच्या बाभळीत बसलेला वटवट्या तुम्ही साइक्सचा लिहिलात काय किंवा ब्लाइथचा लिहिलात काय, चाळणीला दोन्ही चालतात, कारण दोन्ही इथं येतात. चूक गुपचूप आत जाते. ती पकडायला शेजारी उभा असलेला माणूसच लागतो, जो विचारतो की बाबा रे, भुवई डोळ्याच्या मागे किती गेली होती?

मर्लिन ॲपचंही तेच. आवाज ऐकून ते नाव सुचवतं, आणि नवख्या मुलांना त्यानं कान दिले हे मी मान्य करतो. पण भृंगराज आणि हरेवा हे दोघे अट्टल नकलाकार. एका झाडावरून भृंगराज चार पक्ष्यांचे आवाज काढतो आणि ॲप चारही नावं हजर करतं. आमच्याकडे नियम केलाय: मर्लिननं सुचवलेला पक्षी स्वतः पाहिला किंवा आवाज स्वतः ओळखता आला तरच यादीत. तुम्हीही करा.

व्हॉट्सॲपबद्दल मला फारसं बोलायचं नाही. कुठे जमायचं, कोणाच्या गाडीत जागा आहे, यासाठी ते उत्तम आहे. नोंदींसाठी निरुपयोगी. फोटो नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो बारीक होतो आणि तो कधी, कुठे काढला ही माहिती वाटेत गळते. आणि ओळखीचा वाद तिथं रंगला की पाच मिनिटांत 'शुभ सकाळ' येऊन त्याच्यावर बसतं. बैठकीत हाच वाद तासभर चालतो, दोन पुस्तकं उघडली जातात आणि मागच्या बाकावरचा कॉलेजचा पोरगा शिकून जातो.

आता जुन्या रजिस्टरांचं काय करायचं ते सांगतो, कारण घोडं पेंड खातं ते इथंच. मुलं म्हणतात पुढचं ई-बर्डवर टाकू, मागचं राहू द्या. उलट मागचंच आधी टाकायला हवं. आज महाराष्ट्रातून रोज ढिगानं याद्या चढतात, पण तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या फार थोड्या आहेत. तुमच्या गावाबाहेरच्या माळावर तेव्हा धाविक दिसत होता आणि आज तिथं ऊस किंवा वनीकरणाची झाडं आहेत, हे सांगणारा कागद बहुधा तुमच्या कपाटातच असेल, दुसरीकडे कुठेही नाही. माळरानाचे पक्षी कमी होताहेत हे सगळेच म्हणतात, पण पुरावा मागितला की सगळे आठवणी सांगू लागतात. पहिला चातक कोणत्या तारखेला आला हे जर कोणी दरवर्षी लिहून ठेवलं असेल, तर त्या ओळी सोन्यासारख्या जपा.

पद्धत अशी ठेवा. आधी प्रत्येक पानाचा नीट उजेडात फोटो काढा आणि दोन ठिकाणी साठवा. एवढं एका सुट्टीच्या दिवसात होतं आणि वाळवीची भीती जाते. मग चढवायला घ्या. ई-बर्डवर वेळ-अंतर ठाऊक नसलेल्या जुन्या नोंदींसाठी 'ऐतिहासिक' असा वेगळा प्रकार आहे, तो निवडा. संख्या लिहिलेली नसेल तर आकड्याच्या जागी इंग्रजी एक्स टाकता येतो, म्हणजे 'होता, पण किती ते ठाऊक नाही'. "भरपूर"चे अंदाजानं दोनशे करू नका. सगळे पक्षी लिहिलेत का, या प्रश्नाला जुन्या नोंदींसाठी बेधडक 'नाही' म्हणा. मिसळ लिहिली आणि चिमणी नाही, तर यादी अपुरीच.

नावांचा घोळ होईल. एक नमुना देतो. जुन्या रजिस्टरांत 'लाल छातीचा माशीमार' खूप सापडतो. त्या काळी तैगा माशीमार ही त्याचीच उपजात मानत, आता ती वेगळी जात आहे. तेव्हाच्या नोंदीतला नक्की कोणता होता हे आज कोण सांगणार? त्यासाठी ई-बर्डवर 'हा किंवा तो' अशी जोडनोंद असते, ती वापरा. लांबून पाहिलेल्या गरुडांसाठीही नुसतं 'अमुक गटातला गरुड' इतकंच लिहिता येतं. छातीठोक नाव देण्यापेक्षा ते बरं. आणि इंग्रजी नावांची अडचण असणाऱ्यांसाठी: सेटिंगमध्ये पक्ष्यांची नावं मराठीत दाखवायची सोय आहे, ज्येष्ठांना ती आधी लावून द्या. अर्धा विरोध तिथंच मावळतो, हा अनुभव आहे.

सुरुवात सगळ्यांत जुन्या रजिस्टरापासून करू नका. ज्यांनी लिहिलं ते आज भेटू शकतात, त्या रजिस्टरापासून करा. "नाल्यापलीकडचा वड" म्हणजे कोणता नाला हे त्यांनाच ठाऊक. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला लॅपटॉप घेऊन एखादी कॉलेजची मुलगी, असं बसवा. आमच्याकडे सगळ्यांत जास्त विरोध करणारे सरच आता दर बुधवारी येऊन बसतात आणि मुलांच्या टायपिंगमधल्या चुका काढतात.

एका बाबतीत मात्र नव्या मुलांना आवरा. घरटी आणि घुबडांच्या दिवसा बसायच्या जागा. ई-बर्ड काही संवेदनशील जातींच्या जागा स्वतःहून झाकतं, पण तुमच्या गावातलं गव्हाणी घुबड किंवा नवरंगाचं घरटं त्यात येईलच असं नाही. जागा जाहीर झाली की दुसऱ्या दिवशी लांब लेन्सवाले हजर, तिसऱ्या दिवशी आड येणारी फांदी छाटलेली. अशी यादी विणीचा हंगाम संपेपर्यंत चढवूच नका किंवा जागा मोघम ठेवा. आणि व्हॉट्सॲपवर तर अजिबात नको, तिथून ती कुठे जाईल त्याचा नेम नाही.

रजिस्टर बंद करावं का, हा तुमचा मूळ प्रश्न. मी करणार नाही. पण त्याचं काम बदला. आकडे ई-बर्डवर, आणि रजिस्टरात ते लिहा ज्याला तिथं जागा नाही: तळ्यात गाळ काढायला यंत्रं कधी आली, कोणत्या झाडावरची बगळ्यांची वसाहत कोणत्या पावसाळ्यात मोडली, कोणत्या नोंदीवर बैठकीत वाद झाला आणि कसा मिटला. मिसळही लिहा, हरकत नाही.

सुरुवातीला मुहूर्त हवा असेल तर पक्षी सप्ताह गाठा, ५ ते १२ नोव्हेंबर. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंतचा तो आठवडा आहे, भाषणांऐवजी त्यात रजिस्टरं उघडा. नाहीतर फेब्रुवारीतली चार दिवसांची जागतिक पक्षीगणना आहेच, तिच्यासाठी पंधरा मिनिटांची यादी घराच्या गच्चीवरूनही करता येते.

शेवटी खात्यांचं, कारण तुम्ही ते विचारलंय. प्रत्येकाचं स्वतःचं खातं असू द्या आणि मंडळाच्या नावानं एक वेगळं. सहलीला एकानंच यादी करावी आणि बाकीच्यांना व मंडळाच्या खात्याला ती वाटून द्यावी. दहा जणांनी दहा याद्या टाकल्या की तेच अग्निपंख दहा वेळा मोजले जातात. जुनी रजिस्टरं मंडळाच्या खात्यावरूनच चढवा. सगळी माहिती उतरवून घ्यायची सोय आहे, वर्षातून एकदा ती फाइल घेऊन मंडळाच्या कपाटातल्या पेनड्राइव्हवर ठेवा. आणि पासवर्ड एकट्या सचिवांकडे ठेवू नका.