‘सासूबाईंचा खर्च झेपत नाही’ असे म्हटले तर पाप लागते का?

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा खर्च झेपेनासा झाला आहे, हे बोलायचीच लाज वाटणारी शेतकरी कुटुंबे माझ्याकडे समुपदेशनासाठी वारंवार येतात. यवतमाळ जिल्ह्यातील एका ताईंनी वरचा प्रश्न विचारला होता. त्यांच्या संमतीने आणि ओळखीच्या खुणा बदलून त्यांची हकिकत सांगते.

सासूबाईंना लकवा मारला तेव्हा भरती असेपर्यंतचा खर्च आयुष्मान कार्डावर निघाला, कारण ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यापुढील प्रत्येकाला उत्पन्नाची अट न लावता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात मिळतात. खरी ओढाताण सुटी झाल्यावर सुरू झाली. मुलाच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर ताईंनी खर्च मांडून आणला होता: डायपर, लघवीची नळी बदलायला तालुक्याला जाणाऱ्या गाडीचे भाडे, मेडिकलमधल्या बीपीच्या गोळ्या, व्यायाम करून घेणाऱ्याची फी. श्रावणबाळ योजनेचे १,५०० रुपये त्यात कुठेच पुरत नव्हते. पती कोरडवाहू चार एकरांतला एक एकर विकायच्या बेतात होते. ताईंना त्याचा राग येई आणि मग त्या रागाचीही लाज वाटे.

“यात तुमची रोजी कुठे आहे?” असे मी विचारले. निंदण, कापूस वेचणी सोडून त्या घरी बसल्या होत्या, पण बुडालेली मजुरी हाही खर्चच, हे त्यांच्या मनातच आले नव्हते. ती ओळ जोडून बेरीज पुण्यातल्या दिराला फोनवर वाचून दाखवली, तेव्हा तो म्हणाला, “वहिनी, मला वाटलं सगळं कार्डावर चाललंय.” त्याने दरमहा वाटा उचलला, बीपीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून मोफत मिळू लागल्या आणि जमिनीचा विषय तूर्त मागे पडला. नणंदेने आठ दिवस येते म्हटले होते. ती काही आली नाही. रागाविषयी मी ताईंना एवढेच सांगितले की तो थकव्याचा आहे, त्यावरून स्वतःची माया तोलू नका.

तरीही घरोघरी अशा बैठका लावून हा प्रश्न सुटेल, असे समुपदेशकाने भासवू नये. आपल्या योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णासाठी पैसे मोजतात, आणि लकव्यानंतरची वर्षे तर घरच्या खाटेवर जातात. २०१०-११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांना घरी जाऊन भेट देण्याची तरतूद आहे, पण ताईंनी उपकेंद्रात जाऊन ती मागेपर्यंत त्यांच्याकडे कोणी फिरकले नव्हते. आता नळी बदलायला सिस्टर घरी येतात. व्यायामासाठी मात्र अजूनही गाडीच करावी लागते.